जाहिराती अडवणारे आणि ओळख लपवणारे: यूब्लॉक ओरिजिन व टॉर ब्राउझर यांचे परीक्षण

इंटरनेटवरील खासगीपणाविषयी सल्ला विचारला की जाणकार मंडळी एका दमात दोन नावे सांगतात: जाहिराती अडवण्यासाठी यूब्लॉक ओरिजिन आणि ओळख लपवण्यासाठी टॉर ब्राउझर. दोन्ही विनामूल्य आहेत, दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे आणि माझ्या मते आपापल्या कामात दोन्हींच्या तोडीचे दुसरे साधन आज उपलब्ध नाही. मात्र ही दोन्ही एकाच माळेचे मणी आहेत असे समजून जो त्यांना एकत्र जोडतो त्याची फसगत होते, कारण पहिल्याची ताकद ज्या गोष्टीत आहे तीच गोष्ट दुसऱ्याच्या मुळावर येते. या परीक्षणात दोन्हींचे गुणदोष सांगायचे आहेतच, पण कोणते साधन कोणत्या कामाला घ्यावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

यूब्लॉक ओरिजिनपासून सुरुवात करतो. रेमंड हिल या प्रोग्रामरने २०१४ मध्ये यूब्लॉक नावाचे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे पूरक सॉफ्टवेअर, प्रसिद्ध केले, २०१५ मध्ये त्याची सूत्रे दुसऱ्याच्या हाती दिली आणि थोड्याच काळात स्वतःची वेगळी शाखा काढली; तीच आजची यूब्लॉक ओरिजिन. मूळ नावाचे एक्स्टेन्शन पुढे २०१८ मध्ये अ‍ॅडब्लॉक या स्पर्धक उत्पादनाच्या मालकांकडे गेले आणि २०१९ पासून त्यात काही ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना वाट मोकळी करून देण्यात आली. या स्वीकारार्ह जाहिरातींची कल्पना अ‍ॅडब्लॉक प्लसची. त्यामागच्या आयओ या जर्मन कंपनीने २०११ मध्ये ती आणली, आणि या सवलतीमुळे ज्या बड्या कंपन्यांच्या जाहिराती महिन्याला १ कोटीहून अधिक वेळा जादा दिसतात त्यांच्याकडून वाढीव उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के शुल्क घेण्याची पद्धत ठेवली. जाहिरातदारांना बाहेर ठेवण्यासाठी ज्याला दारावर बसवले त्याचा पगार जाहिरातदारच देत असतील, तर त्याच्या निष्ठेविषयी शंका घ्यायला जागा उरते. हिल मात्र देणग्यासुद्धा स्वीकारत नाहीत, आणि ज्यांना काही द्यायचेच असेल त्यांनी फिल्टर याद्या सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना द्यावे, असे सुचवतात. हे सुचवणे निव्वळ विनयाचे नाही. २००५ पासून चालत आलेली ईझीलिस्ट, तिची जोडीदार ईझीप्रायव्हसी आणि तत्सम याद्या नसतील तर हे एक्स्टेन्शन म्हणजे रिकामे यंत्र आहे. पानाचा एकेक भाग मागवण्यासाठी ब्राउझर निरनिराळ्या पत्त्यांकडे विनंत्या पाठवतो; त्यांतली कोणती विनंती अडवायची हे ज्ञान त्या याद्यांत आहे.

बसवल्याबरोबर, कोणतीही सेटिंग न बदलता, ते उत्तम चालते आणि बहुसंख्य वाचकांनी तिथेच थांबावे. ज्यांना आत डोकवायचे आहे त्यांच्यासाठी मात्र यातील लॉगर, म्हणजे प्रत्येक विनंतीची नोंद दाखवणारी खिडकी, ही मोठी शिकवणी आहे. एखादे बातमीचे पान उघडण्याआधी लॉगर सुरू करून ठेवावा. पान लोड होऊ लागले की एकेक विनंतीची ओळ वर चढत जाते: वेळ, कोणत्या नियमाने अडवले, विनंती कोणत्या प्रकारची, कोणत्या पत्त्याकडे निघाली होती. अडवलेल्या ओळी लाल दिसतात. मजकूर, मांडणी आणि दोन छायाचित्रे यांच्या मोजक्या ओळी उमटून जातात आणि त्यानंतर कितीतरी वेळ लाल ओळींची रीघ लागलेली असते. त्यांतील बहुतेक पत्ते अशा कंपन्यांचे असतात ज्यांचे नाव त्या पानावर कुठेही छापलेले नसते. आपण वाचत असलेल्या मजकुराची खबर किती त्रयस्थांना जाते, हे सांगणारे इतके स्पष्ट चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही. लाल ओळीवर टिचकी मारली की ती कोणत्या यादीतील कोणत्या नियमाने अडली हेही कळते, म्हणजे हे साधन आपला प्रत्येक निर्णय तपासून पाहू देते.

जाहिराती अडवणे ही केवळ सोयीची बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांनी डिसेंबर २०२२ मधील अमेरिकेच्या एफबीआयची जाहीर सूचना आठवावी. शोधयंत्रांच्या निकालांत सर्वांत वर येणाऱ्या जाहिराती विकत घेऊन भामटे नामांकित कंपन्यांची सोंगे घेत होते आणि वापरकर्त्यांना खोट्या पानांवर नेत होते. त्यावर उपाय म्हणून त्या संस्थेने अ‍ॅडब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला. जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते आणि क्षणार्धात भरली जाते, त्यामुळे आपल्या पानावर नेमके काय चालले आहे हे प्रकाशकालाही पुष्कळदा माहीत नसते, हे त्यामागचे कारण आहे.

या साधनाची आजची सर्वांत मोठी अडचण त्याच्या बाहेरची आहे. गूगलने क्रोम एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ ही नवी चौकट आणली आणि जुन्या चौकटीतील एक्स्टेन्शन २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद करत २०२५ मध्ये तो मार्ग पुरता बुजवला. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक विनंती निघण्यापूर्वी एक्स्टेन्शनच्या हाती येत असे आणि तिचे काय करायचे ते एक्स्टेन्शन ठरवत असे. नव्या व्यवस्थेत एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे सोपवायची आणि अंमलबजावणी ब्राउझरने करायची. प्रत्येक एक्स्टेन्शनला हमखास मिळणाऱ्या स्थिर नियमांची संख्या ३०,००० ठेवण्यात आली. त्यापलीकडचे नियम सर्व एक्स्टेन्शनच्या सामायिक कोट्यातून मिळाले तर मिळाले. गूगलने सुरक्षितता आणि वेग ही कारणे दिली, आणि त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक विनंती वाचू शकणारे दुष्ट एक्स्टेन्शन ही खरीच धोक्याची गोष्ट आहे. तरीही ज्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते तिनेच अ‍ॅडब्लॉकरची मर्यादा ठरवावी, यातील हितसंबंध नजरेआड करणे भाबडेपणाचे होईल. क्रोमसाठी हिल यांनी यूब्लॉक ओरिजिन लाइट ही सौम्य आवृत्ती काढली आहे; रोजच्या वापराला ती पुरते, पण लॉगरपासून स्वतःच्या नियमांपर्यंतची खरी ताकद हवी असेल तर फायरफॉक्स घ्यावा. तिथे एक जादा लाभही आहे: जे ट्रॅकर, म्हणजे वाचकाचा माग काढणारे कोड, प्रकाशकाच्याच उपडोमेनचा (त्याच्या पत्त्याखालील पोटपत्त्याचा) बुरखा घेऊन येतात त्यांचा मूळ पत्ता यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर शोधून काढू शकते आणि क्रोमवर मुळातच शोधू शकत नव्हते.

आता पैशाचा प्रश्न. जाहिरातींवर जगणाऱ्या छोट्या प्रकाशनांसाठी अ‍ॅडब्लॉकर म्हणजे थेट उत्पन्नातील घट असते, आणि सत्तेला अडचणीचे प्रश्न विचारणारी पुष्कळ प्रकाशने याच वर्गातील आहेत. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने अ‍ॅडब्लॉकरचा पुरस्कार करणाऱ्यांनी ही बाजू टाळून पुढे जाऊ नये. आक्सेल श्प्रिंगर या मोठ्या प्रकाशनसमूहाने अ‍ॅडब्लॉक प्लसविरुद्ध दिलेल्या दाव्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये असे साधन उपलब्ध करून देणे बेकायदा नसल्याचा निर्णय दिला, पण कायदेशीर असण्याने नैतिक प्रश्न निकालात निघत नाही. माझे मत असे, की जाहिरात दाखवण्याला माझी हरकत नाही, माझ्या मागावर राहण्याला आहे. आणि आजच्या व्यवस्थेत एकीला होकार देऊन दुसरीला नकार देण्याची सोय जवळजवळ कुणीच ठेवलेली नाही. यूब्लॉक ओरिजिनचे मोठे बटण दाबून विश्वासातील संकेतस्थळाला मोकळीक देता येते, परंतु त्यासरशी जाहिरातींबरोबर तेथील सर्व ट्रॅकरही आत येतात. अशा ठिकाणी वर्गणी भरणे हा अधिक सरळ मार्ग आहे, अर्थात वर्गणी भरली म्हणजे नाव आणि बँकेचा तपशील आलाच. निनावीपणे वाचायचे आणि प्रामाणिकपणे मोल द्यायचे, या दोन गोष्टी एकाच वेळी साधतील अशी सोपी सोय अजून तरी रुळलेली नाही.

आणि इथेच यूब्लॉक ओरिजिनची हद्द संपते. ते त्रयस्थांना अडवते, पण ज्या संकेतस्थळाला आपण भेट देतो त्याला आपला आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतोच, आणि आपण कोणत्या संकेतस्थळाकडे गेलो हे इंटरनेट पुरवठादाराला कळतेच. व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरमार्फत वळवणारी सेवा, घेतला तर ही माहिती पुरवठादाराऐवजी व्हीपीएन कंपनीकडे जाते. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ या तिच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागते. टॉरची रचना अशा शब्दाची गरजच कमी करते.

या रचनेची मूळ कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी पॉल सायव्हरसन यांच्यासह तिला आजचे रूप दिले, २००२ मध्ये टॉर सुरू झाले आणि २००६ मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था उभी राहिली. लष्करी प्रयोगशाळेतील वस्तू सर्वांसाठी खुली का केली, असा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर तांत्रिक आहे: ज्या जाळ्यात केवळ सरकारी हेर असतील त्या जाळ्यातून येणारा प्रत्येक जण हेर म्हणून ओळखला जाईल, म्हणून त्यांनाही सामान्य माणसांची गर्दी हवी होती. आपली विनंती स्वयंसेवकांनी चालवलेल्या हजारो सर्व्हरपैकी तिघांतून जाते आणि तिच्यावर कूटबद्धतेचे तीन थर असतात. पहिल्या सर्व्हरला आपला पत्ता कळतो पण गंतव्य कळत नाही, शेवटच्याला गंतव्य कळते पण आपला पत्ता कळत नाही, आणि मधल्याला दोन्हींतले काहीच कळत नाही.

वापरायला टॉर ब्राउझर त्याच्या दुर्लौकिकाच्या मानाने फार सोपा आहे. फायरफॉक्सच्या दीर्घकालीन आवृत्तीवर तो बांधलेला असल्यामुळे चेहरा ओळखीचा वाटतो. उघडल्यावर ‘कनेक्ट’ दाबायचे आणि थोडे थांबायचे. पत्त्याच्या पट्टीतील छोट्या चिन्हावर टिचकी मारली की आपली विनंती कोणत्या तीन देशांतून गेली ते दिसते आणि तिथूनच त्या संकेतस्थळापुरता मार्ग बदलता येतो. खिडकी मोठी केली तर पानाच्या कडेला करड्या पट्ट्या उरतात. नवख्याला तो दोष वाटतो. वास्तविक खिडकीच्या नेमक्या मापावरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून पानाचा आकार ठरावीक टप्प्यांतच वाढू दिला जातो. सुरक्षिततेच्या तीन पातळ्या आहेत, त्यांपैकी सर्वांत कडक पातळीवर जावास्क्रिप्ट, म्हणजे पाने हलती-बोलती करणारा कोड, बंद होते आणि निम्मे आधुनिक जाळे मान टाकते. वेग कमी आहे. व्हिडिओ पाहण्यासाठी हा ब्राउझर नव्हे, आणि आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करायला लावणारी कोडी इतक्या वेळा समोर येतात की माणसाचा पारा चढतो.

आता ज्या विसंगतीचा उल्लेख सुरुवातीला केला तिच्याकडे येतो. टॉर ब्राउझरमध्ये अ‍ॅडब्लॉकर नाही, आणि स्वतःचा बसवू नका असे टॉर प्रोजेक्ट स्पष्टपणे सांगते. कारण असे, की कुकी पुसल्या आणि आयपी पत्ता लपवला तरी ब्राउझरचा ठसा उरतो: फॉन्ट, पडद्याचे माप, वेळेचा पट्टा, भाषा, बसवलेली एक्स्टेन्शन. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पॅनॉप्टिक्लिक अभ्यासात तपासलेल्या ब्राउझरपैकी ८३.६ टक्क्यांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला होता. यावर टॉर ब्राउझरचा उपाय म्हणजे सर्वांना एकच गणवेश चढवणे. प्रत्येक वापरकर्ता दुसऱ्यासारखाच दिसला की वेगळा काढता येत नाही. यूब्लॉक ओरिजिनची खरी मजा मात्र आपल्याला हवे तसे शिवून घेण्यात आहे: याद्या निवडा, स्वतःचे नियम लिहा, पानावरचा नकोसा चौकोन कायमचा उडवा. कोणती विनंती अडते आणि कोणती जाते हे संकेतस्थळाला तपासता येते, म्हणून हाताने लिहिलेला प्रत्येक नियम हा त्या गणवेशावर स्वतःच्या नावाचा बिल्ला ठरतो. ब्राउझरच्या आराखड्याच्या दस्तऐवजात टॉरच्या कर्त्यांनी आणखी एक कारण दिले आहे, जे मला विशेष प्रामाणिक वाटते: खासगीपणा हा फिल्टर याद्यांवर विसंबून न राहता मुळातील रचनेतूनच मिळाला पाहिजे, आणि सरसकट जाहिराती अडवल्या तर जाहिरातींवर चालणारी संकेतस्थळे टॉरच्या वापरकर्त्यांना दारातही उभे करणार नाहीत.

भाषेचा मुद्दा याच संदर्भात पाहावा. इंग्रजीखेरीज अन्य भाषेत टॉर ब्राउझर चालवला तर तो सुरुवातीलाच विचारतो, की अधिक खासगीपणासाठी पाने इंग्रजीत मागवायची का. ज्या भाषेचे वापरकर्ते टॉरवर थोडे, त्या भाषेला पसंती कळवणारा त्या थोड्यांतलाच एक म्हणून ओळखू येतो. छोट्या भाषांच्या वाचकाला आपली भाषा मागणे आणि गर्दीत मिसळणे यांतून एकाची निवड करावी लागते, ही या रचनेची मला सर्वांत बोचणारी किंमत आहे, आणि त्यावर तोडगा म्हणजे त्या भाषेचे वापरकर्ते वाढणे, एवढाच.

दोन्ही साधनांचा मेळ घालण्याचा एक विचारपूर्वक प्रयत्न २०२३ मध्ये झाला. टॉर प्रोजेक्टने मलवड या व्हीपीएन कंपनीबरोबर मलवड ब्राउझर तयार केला. त्यात टॉरचे जाळे नाही, पण ठसा पुसण्याची तीच व्यवस्था आहे आणि यूब्लॉक ओरिजिन आधीच बसवलेले असते. सर्वांकडे तेच एक्स्टेन्शन त्याच सेटिंगसह असेल तर ते बिल्ला ठरत नाही. अट एवढीच, की त्याच्या सेटिंगला हात लावायचा नाही.

अभिव्यक्तीच्या दृष्टीने टॉरचे महत्त्व याहून मोठे आहे. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन विशेष प्रतिवेदक डेव्हिड के यांनी २०१५च्या अहवालात कूटबद्धता आणि निनावीपणा यांना मतस्वातंत्र्याचे आवश्यक संरक्षण म्हटले, आणि तेव्हापासून हा युक्तिवाद बळकट होत गेला आहे. चीनने टॉर फार पूर्वीपासून अडवले आहे, रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये अडवायला सुरुवात केली. त्यावर उपाय म्हणून ब्रिज नावाचे अघोषित प्रवेशमार्ग आहेत. त्यांतील स्नोफ्लेक हा प्रकार तर सामान्य स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधूनच वाट काढतो, आणि २०२२च्या आंदोलनांच्या काळात इराणमध्ये त्याचा वापर एकदम वाढला. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये आणि बीबीसीने २०१९ मध्ये आपल्या बातम्या टॉरच्या जाळ्यातील ओनियन पत्त्यावर, म्हणजे केवळ टॉरमधूनच उघडणाऱ्या पत्त्यावर, ठेवल्या. हीच आडोशाची जागा गुन्हेगारांनाही मिळते, हे उघड सत्य आहे. ट्रोलांच्या झुंडींना निनावीपणा किती मानवतो हे सांगायला नको. पण ज्याला नावानिशी बोलल्यास नोकरी, घर किंवा स्वातंत्र्य गमवावे लागेल त्याच्याकडे दुसरा आडोसा नसतो, आणि गुन्हेगाराला पकडण्याचे मार्ग तपासयंत्रणांकडे उरतात.

ते कसे, याचे एक बोलके उदाहरण हार्वर्ड विद्यापीठातील आहे. डिसेंबर २०१३ मध्ये परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे ईमेल पाठवले. टॉर फोडावे लागले नाही. त्याने विद्यापीठाचेच वायफाय वापरले होते. त्या वेळी त्या जाळ्यावरून टॉर कोण वापरत होते याची नोंद काढली गेली, आणि विचारणा होताच त्याने कबुली दिली. टॉर आपण काय करतो हे लपवते, टॉर वापरतो हे आपणहून लपवत नाही. त्याचप्रमाणे शेवटच्या सर्व्हरपुढचा प्रवास टॉरच्या कूटबद्धतेबाहेर असतो: २००७ मध्ये स्वीडनमधील एका संशोधकाने असे काही सर्व्हर चालवून अनेक दूतावासांच्या ईमेलचे पासवर्ड मिळवून दाखवले होते. आज एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील कूटबद्ध जोडणी, जवळपास सर्वत्र असल्यामुळे तो धोका पुष्कळ ओसरला आहे. दोन्ही टोकांवर दीर्घकाळ नजर ठेवून वेळा जुळवू शकणाऱ्या बलाढ्य यंत्रणेविरुद्ध मात्र टॉर पूर्ण हमी देत नाही, आणि तसा दावा टॉर प्रोजेक्टही करत नाही. टॉरमध्ये बसून आपल्या खऱ्या नावाच्या खात्यात लॉगिन करणाऱ्याला तर कोणतीच रचना वाचवू शकत नाही.

तेव्हा रोजचे वाचन, खरेदी आणि लॉगिनची कामे यांसाठी फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन. आणि ज्या वाचनाचा किंवा लेखनाचा संबंध आपल्या नावाशी जुळू नये अशी खरीच गरज आहे त्यासाठी वेगळा, अगदी जसाच्या तसा ठेवलेला टॉर ब्राउझर, अशी माझी शिफारस आहे. अँड्रॉइडवर दोन्ही मिळतात. आयफोनवर टॉर प्रोजेक्टचा स्वतःचा ब्राउझर नाही. तिथे ती संस्था ओनियन ब्राउझर सुचवते, पण अ‍ॅपलच्या ब्राउझर-इंजिनच्या अटीमुळे त्याचे संरक्षण थोडे उणे आहे. घेताना नावे नीट वाचावीत, कारण यूब्लॉक आणि यूब्लॉक ओरिजिन ही भिन्न मालकीची उत्पादने आहेत. टॉर ब्राउझर टॉर प्रोजेक्टच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. जिथे ते संकेतस्थळच अडवलेले असेल तिथे त्यांच्या गेटटॉर सेवेला ईमेल पाठवला की डाउनलोडचे पर्यायी दुवे उत्तरादाखल येतात.